राजधानीचं मत मंद्रूपच्या बाजारात

आमच्या सर्व्हिस मोटारीत ‘गाडीत राजकारण बोलू नये’ अशी एक पाटी होती. मालकांनी ती रंगवून लावली होती. तिचा उपयोग एवढाच व्हायचा की चढणारा माणूस ती वाचायचा आणि त्याला राजकारणाची आठवण व्हायची.

मोटारधंद्याच्या गमती लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सांगितलं. गमती पुष्कळ आहेत. फर्स्ट क्लासच्या सीटवर शेळी बसवून तिचं भाडं भरणारा माणूस मी पाहिलाय. गाडीला भिऊन भाडं देऊनही शेजारून पळत येणारा एक म्हातारा होता, त्याच्यासाठी मी चढावर गाडी मुद्दाम हळू घ्यायचो. पण मी, दस्तगीर ड्रायव्हर, सोलापूरच्या अड्ड्यावर ज्या गोष्टीमुळं ओळखला गेलो ती गंमत नव्हती. तीच लिहितो.

तेव्हाची सर्व्हिस मोटार म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. मुंबईहून नुसता सांगाडा आणि इंजिन यायचं. वरची लाकडी बॉडी सोलापूरचे सुतार बांधायचे. सकाळी समोर उभं राहून हँडल मारायचं. ते उलटं फिरलं तर मनगट जायचं. ड्रायव्हरच्या शेजारची सीट फर्स्ट क्लास, कारण तिथं धूळ कमी. वेळापत्रक नव्हतं, गाडी भरली की सुटायची. सीना नदीला पाणी आलं की अलीकडंच थांबायची. मागं माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि इंजिनाच्या वर आवाज काढून बोलायची, म्हणून ड्रायव्हरला सगळं ऐकू यायचं. लोकांना मात्र वाटायचं की याचं लक्ष रस्त्यावर आहे.

आमची गाडी सोलापुरातून मंद्रूपला आणि तिथून पुढं हद्दीचा दगड ओलांडून एका लहान संस्थानाच्या राजधानीला जायची. संस्थानाचं नाव लिहीत नाही. गादी गेली, पण माणसं अजून आहेत. दगडाच्या अलीकडं इंग्रज सरकार, पलीकडं दरबार. अलीकडचा परवाना पोलीस कचेरीचा, पलीकडचा दरबारच्या मर्जीचा. दगडापाशी जकात नाका होता आणि तिथं सिद्राम नाकेदार बसायचे. स्वभावानं गरीब, पण पगडी आणि पट्टा चढवला की आवाज बदलायचा. ते राजधानीतच राहायचे आणि रोज पहाटे सायकलीवर नाक्यावर यायचे.

सोलापुरातला मार्शल लॉ उठून थोडी वर्षं झाली होती. सगळीकडं सुधारणांचं वारं होतं, तेव्हा दरबारनंही प्रजाप्रतिनिधी सभा काढली. खेड्यांचे गट पाडले. शेतसारा भरणाऱ्यांनी मतं द्यायची आणि गटागटातून एकेक सभासद निवडायचा. बाकीचे सभासद सरदार आणि मानकरी, ते दरबारनं नेमायचे. हे सगळं ठीक होतं. फक्त राजधानीला सभासद नव्हता. हुकुमात कारण दिलं होतं की राजधानी प्रत्यक्ष सरकारांच्या चरणांशी आहे, तिचे प्रतिनिधी खुद्द सरकारच, म्हणजे राजेच.

त्या दिवसापासून आमच्या गाडीत दुसरा विषय राहिला नाही.

गोविंदराव वकील राजधानीचे राहणारे. वकिली सोलापूरच्या कोर्टात करायचे, म्हणून आठवड्यातून दोनतीनदा आमच्या गाडीत. कोट धुळीपासून वाचवायला वर धोतराचं पान पांघरून बसायचे. त्यांच्या समोर एकदा विठोजी पाटील येऊन बसले. पाटील एका खेड्याच्या गटातून नुकतेच निवडून आले होते आणि तेही सोलापूरला कापूस घालून परत निघाले होते.

पाटील म्हणाले, “वकीलसायेब, तुमाला मत कशाला पायजे? राजा तुमच्या दारात हाय. आमाला त्याचं तोंड दसऱ्याला दिसतंय.”

वकील म्हणाले, “पाटील, दारात हत्ती बांधला म्हणून तो आपला होत नाही. त्याचं शेण मात्र आपल्याला काढावं लागतं.”

गाडी हसली. पाटील हसले नाहीत. ते म्हणाले, “खरं सांगू का? तुमच्यातला एक जरी आत आला, की आमी गप. तुमी इंग्रजीत बोलणार, कायदा काढणार, आन् आमच्या इहिरीची गोष्ट ऱ्हाणार बाजूला. तुमचं एक मत आमच्या सगळ्यांना जड जाईल.”

हे मला पटलं. पाटील खोटं बोलत नव्हते. शहरातला माणूस खेड्यातल्या माणसाच्या बोलण्यात मोडता घालतो, हे मी रोज गाडीच्या आरशात बघत होतो.

मग मागून राजधानीचे एक तेलाचे व्यापारी बोलले, “भांडता कशाला? राजधानी शेजारच्या गटाला जोडा. त्यांच्याबरोबर आपणही मत देऊ.”

“म्हणजे आमच्या डोक्यावर मिऱ्या,” पाटील म्हणाले. “शेजारचा गट म्हंजी माझाच हाय. तुमची माणसं आमच्या दुप्पट. मग मी कुटं जाऊ?”

अशी भांडणं महिनोन् महिने चालली. वेगळी जागा, जोडून जागा, की जागाच नको. लोक उतरायचे तेव्हा घसा बसलेला असायचा.

मग विणकर गल्लीची गोष्ट आली आणि भांडणाला धार चढली. राजाच्या वाड्यासमोरचं मैदान लहान पडतं म्हणून त्याला लागून असलेली विणकर गल्ली उठवायची, असं दरबारनं ठरवलं. विणकरांना गावाबाहेर माळावर जागा मिळणार होती. प्रस्ताव सभेपुढं गेला आणि पहिल्या दिवशी कुणी हरकत घेतली नाही. घेणार कोण? ज्यांची घरं होती त्यांच्यातला एकही आत नव्हता. पक्की मंजुरी पुढच्या बैठकीत व्हायची होती.

त्या गल्लीतली मल्लव्वा आमची कायमची उतारू. नवरा वारलेला, घरात दोन माग. लुगड्यांचं गाठोडं घेऊन ती सोलापूरच्या पेठेत यायची. बोलणं मराठी, पण त्याला कानडीचा हेल. ती बातमी कळल्यावर गाडीत चढली ती गाठोडं न घेता. वकील पुढं बसले होते. त्यांना म्हणाली, “वकीलसाब, माझा माग जमिनीत खड्डा करून बसवलेला हाय री. त्यो उचलून माळावर कसा नेऊ? खड्डा उचलता येतो का?”

वकिलांनी अर्ज केला. उत्तर आलं नाही. देवळात सभा बोलावली, तर दरबारचा जमावबंदीचा हुकूम निघाला. राजधानीत चार माणसं एकत्र बोलायची पंचाईत झाली. लग्नाच्या वरातीलासुद्धा परवानगी काढावी लागली.

एक दिवस मंद्रूपला रेडिएटरमध्ये पाणी घालत होतो. वकील खाली उतरून इकडंतिकडं बघत उभे होते. बाजाराचा दिवस होता. निम्मी राजधानी बाजाराला आली होती, भाजी घेत होती, एकमेकांशी मोकळं बोलत होती. ते मला म्हणाले, “दस्तगीर, इथं दरबारचा हुकूम चालतो का?”

मी म्हटलं, “इथं चालत नाही, साहेब. तो दगडाशी थांबतो.”

“मग आपण इथंच निवडणूक घेऊ. दरबार देत नाही ना जागा? आपण आपला सभासद निवडू आणि नेऊन दारात उभा करू.”

मला ते वेडेपणाचं वाटलं. न दिलेल्या जागेसाठी माणूस निवडायचा, म्हणजे नसलेल्या घोड्याला खोगीर. पण राजधानीला ते वेड लागलं. वकिलांसमोर तेलाचे व्यापारीही उभे राहिले. त्यांचं म्हणणं जोडून जागेचं, वकिलांचं वेगळ्या जागेचं. म्हणजे निवडणूक खोटी नव्हती, लोकांना खरंच काहीतरी ठरवायचं होतं. घरपट्टी भरणाऱ्यानं मत द्यायचं असं ठरलं.

मल्लव्वानं विचारलं, “घरपट्टी मी भरते. मग?”

वकील जरा घुटमळले. सभेच्या नियमात बायकांना मत नव्हतं. ते म्हणाले, “दरबारला आणखी एक निमित्त मिळेल, मल्लव्वा.”

“घर पाडताना बाईचं म्हणून सोडणार हाईत का?”

वकिलांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, “नाही सोडणार. तूही ये.”

घरी मी हे सांगितलं तेव्हा बायको भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, “उनके मत में तुम कायकू पडते जी? तुमकू तो हैच नइं.”

खरं होतं. मी सोलापुरात भाड्याच्या खोलीत राहणारा. ना घर ना जमीन. म्युनिसिपालटीची निवडणूक आली की उमेदवारांच्या माणसांना पेठेतून फिरवायचो, पण मला स्वतःला मत नव्हतं. मी तिला म्हटलं, “म्हणूनच पडतो.” दुसऱ्या दिवशी डब्यात एक भाकरी जास्त होती.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी राजधानीच्या अड्ड्यावर गाडी लावली, तर दरबारचे फौजदार तिथं उभे. म्हणाले, “आज इथून एकही उतारू न्यायचा नाही. हुकूम आहे.”

मी विचारलं, “आणि गाडी?”

“गाडी ने. रिकामी ने.”

अड्ड्यावर सत्तर-ऐंशी माणसं बाजाराच्या पिशव्या घेऊन उभी होती. मल्लव्वा होती, व्यापारी होते, देवळातले पुजारी होते. सगळे माझ्याकडं बघत होते. मी हँडल मारलं आणि गाडी चालू करताना मोठ्यानं, कुणाकडंही न बघता क्लीनरला म्हटलं, “महादू, दगडाच्या पलीकडं गाडी गरम होणार. तिथं बराच वेळ उभी करावी लागेल.”

गाडी रिकामी घेऊन नाक्यावर आलो. सिद्राम नाकेदारांनी आत डोकावून बघितलं. “कोणी नाही?”

“कोणी नाही.”

“मग बरं,” ते म्हणाले, आणि जायला हात केला. त्यांच्या चेहऱ्यावर मला काही वाचता आलं नाही.

दगड ओलांडून मी लिंबाखाली गाडी उभी केली आणि बॉनेट उघडून ठेवलं. थोड्या वेळानं ज्वारीच्या रानातून पहिली माणसं दिसली. रस्ता सोडून बांधाबांधानं चालत आली होती. बायकांनी लुगडी खोचली होती, पुजारीबुवांच्या धोतराला कुसळं लागली होती. रानातून चालत जायला बंदी नव्हती, आणि दगडाच्या अलीकडं माणसं भरायला मला दरबार विचारणारा कोण? त्या दिवशी दगड ते मंद्रूप अशा किती फेऱ्या मारल्या ते मी मोजलं नाही. इंजिन इतकं तापलं की पाण्यासाठी बाजारातल्या बायकांनी आपल्या घागरी दिल्या.

एका फेरीत दरबारच्या नगारखान्यातला नगारजी चढला. अंगात दरबारचाच लाल अंगरखा. रोज सकाळी राजाच्या नावानं नगारा वाजवणारा माणूस. पुजारीबुवा घाबरून म्हणाले, “अरे, हा वेष तरी बदलून यायचा.”

तो म्हणाला, “दुसरा सदरा धुवायला टाकलाय. आन् नगारा त्यांचा हाय, हात माझे हाईत.”

मंद्रूपला एका अडत्यानं सरकी ठेवायची पडवी मोकळी करून दिली होती. आत दोन मडकी ठेवली होती, वकिलांच्या मडक्यावर कुंकवाचा पट्टा, व्यापाऱ्यांच्या मडक्यावर हळदीचा. समोर मल्लव्वानं आणलेलं नवं लुगडं पडद्यासारखं बांधलं होतं. माणूस एक चिंचोका घेऊन आत जायचा आणि अंगठ्याला शाई लावून बाहेर यायचा. इंग्रज हद्दीतले एक पोलीस हवालदार येऊन बघून गेले. वकिलांना म्हणाले, “दंगा करू नका म्हंजी झालं.” वकील म्हणाले, “दंगा इथं कशाला करू? इथं आमचं भांडणच नाही.”

माणसं बाहेर येताना कशी दिसायची, ते मला अजून आठवतं. अंगठ्याची शाई बघत होती. एका म्हाताऱ्यानं मला म्हटलं, “डायवर, तुमी बी टाका की एक.” मी म्हटलं, “मी तुमच्या गावचा नाही, बाबा.” तो म्हणाला, “मग तुमच्या गावात टाकता का?” मी पान्हा घेऊन गाडीखाली शिरलो.

वकील निवडून आले. व्यापाऱ्यांनाही बरीच मतं पडली होती, पण त्यांनी स्वतः वकिलांच्या गळ्यात हार घातला.

सभेची बैठक भरली तेव्हा आम्ही वकिलांना वाड्यापर्यंत पोचवलं. दारात तेच फौजदार. “आपण कोण?”

“राजधानीचा सभासद.”

“असा कोणी सभासद नाही.”

“मग तो होईपर्यंत मी इथं बसतो,” म्हणून वकील पायऱ्यांवर बसले. मल्लव्वा बसली. पुजारी बसले. एवढ्यात विठोजी पाटील बैठकीला आले. त्यांनी पायऱ्यांवरची माणसं बघितली, मान खाली घातली आणि मधून वाट काढत आत गेले.

आत काय झालं ते पाटलांनीच नंतर गाडीत सांगितलं. ते उठून म्हणाले होते, “राजधानीला जागा द्यायला माझा इरोध हाय, त्यो तसाच ऱ्हाणार. पर माग जमिनीत पुरलेला असतोय. ती घरं पाडू नगा.” खेड्यातले सगळे सभासद त्यांच्या मागं उभे राहिले. सरकारांनी मैदान आहे तेवढंच ठेवलं.

पाटील खुशीत बाहेर आले आणि मल्लव्वाला म्हणाले, “वाचवलं की तुमचं घर. आता मत कशाला पायजे?”

मला वाटलं, मल्लव्वा त्यांच्या पाया पडेल. ती पायरीवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, “तुमचे उपकार हाईत, पाटील. खोटं नाही बोलत. पण आज तुमी बरे हाईत म्हणून घर ऱ्हायलं. उद्या दुसरा आला म्हणजे? माझं घर कुणाच्या बरेपणावर नको री मला.”

पाटलांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग म्हणाले, “ते बी खरं हाय,” आणि निघून गेले. पण आपला विरोध त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. वकील आणि पाटील त्यानंतरही आमच्या गाडीत भांडायचे, फक्त आता एकमेकांना जागा करून द्यायचे.

दरबारनं मग एक तोड काढली. राजधानीसाठी एक सभासद देतो, पण नेमणूक आमची, आणि ती गोविंदराव वकिलांनाच देतो. वकिलांनी ती परत केली. म्हणाले, “मला नेमू नका. मला निवडलंय.” सोलापूरच्या कोर्टातले बाररूममधले वकील त्यांना हसले. आत जाऊन बोलता आलं असतं, काही कामं झाली असती, असं पुष्कळांचं मत होतं. मला मात्र तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की वकिलांनी केलं तेच बरोबर होतं. फुकट मिळालेल्या सीटवरून कंडक्टर कधीही उठवतो.

आमच्यावरही आलंच. दरबारनं आमच्या मालकांचा परवाना काढून घेतला. नाक्यावर ते मला सिद्राम नाकेदारांनीच सांगितलं, पगडी-पट्ट्यातल्या आवाजात. गाडी टेंभुर्णीच्या रस्त्याला लागली. मला तिथं काम मिळालं, पण त्या रस्त्याला आधीच क्लीनर होता, म्हणून महादूला मालकांनी ठेवलं नाही. तो राजधानीचा, घरी म्हातारी आई. सोलापूरच्या गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि कापसाच्या धुळीनं खोकू लागला. मी जे केलं त्याचा मला पस्तावा नाही. महादूचा मात्र आहे. धाडस मी केलं, आणि झळ त्याला जास्त लागली.

राजधानीला ती जागा दरबार असेपर्यंत मिळाली नाही. पुढं संस्थानच गेलं आणि सगळ्यांनाच मत आलं, मलाही. ते सगळ्यांना माहीत आहे. पण सभेची मुदत वर्षाची होती, म्हणून राजधानीचे लोक दरवर्षी मंद्रूपच्या बाजारात आपला सभासद निवडत राहिले, आणि तो दरवर्षी पायरीवर जाऊन बसत राहिला. त्यातला दुसऱ्या वर्षाचा प्रसंग सांगून थांबतो.

परवाना गेलेला होता. मी भीतभीत मालकांकडं गाडी मागायला गेलो. वाटलं, आता शिव्या मिळणार. मालक गादीवर बसून सुपारी कातरत होते. म्हणाले, “दगडाच्या अलीकडं कुणाच्या बापाचा परवाना लागत नाही. ने.”

मी दगडाच्या अलीकडं लिंबाखाली गाडी लावली. माणसं रानातून येऊ लागली. पहिल्या वर्षापेक्षा जास्त होती. समोरच नाका. सिद्राम नाकेदार दारात उभे राहून बघत होते. मला वाटलं, आज ते नावं लिहून घेणार.

ते आत गेले. बाहेर आले तेव्हा पगडी नव्हती आणि पट्टाही नव्हता. बोडक्या डोक्यानं मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. एवढा म्हातारा माणूस आहे हे तोवर ध्यानात आलं नव्हतं. रानातून नाही, सरळ रस्त्यानं चालत आले, दगड ओलांडला आणि माझ्या शेजारच्या सीटवर चढून बसले.

मी म्हटलं, “नाकेदारसाहेब, नोकरी जाईल.”

ते म्हणाले, “मी बी राजधानीतच ऱ्हातो की.”

मी गाडी चालू केली. थोडं पुढं गेल्यावर ते माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, “करायचं काय असतंय तितं?”

“एक चिंचोका देतात. पडद्यामागं जायचं आणि मडक्यात टाकायचा.”

“आवाज होतो का?”

मी म्हटलं, “होतो. रिकाम्या मडक्यात जास्त होतो. बाहेर ऐकू येतो.”

त्यांनी धुळीसाठी उपरणं नाकावर ओढून घेतलं आणि समोर रस्त्याकडं बघत म्हणाले, “हूं दे.”